सुलतानच्या कानांना बदामाचं तेल

हैदराबादहून परतल्यापासून जो भेटेल तो विचारतो, चारमिनार पाहिला का, बांगड्या आणल्या का, मोती खरे असतात का. पाहिला. आणल्या. मोत्यांतलं मला कळत नाही. पण मी गेले होते ती यांतल्या कशासाठीच नव्हे. मी गेले होते माझं कुत्रं परत आणायला. हसा खुशाल. गुडघे कुरकुरणारी म्हातारी आणि कुत्र्यापायी परमुलुखात! पण आधी ऐकून घ्या, मग हसा.

आमच्या सांगोल्याकडे आणि तिथून खाली जत-विजापूरपर्यंत एक शिकारी कुत्रं असतं, त्याला कारवानी म्हणतात. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं. सासरी मळ्यावर आमच्याकडे ही कुत्री पूर्वीपासून. नव्या सुनेला सासरी स्वयंपाकघर दाखवतात. मला सासऱ्यांनी कुत्रीचं बाळंतपण दाखवलं, कारण सासूबाईंना कुत्र्यांचा वास सोसायचा नाही. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण कारवानी मी अंधारात हात फिरवूनसुद्धा ओळखीन. हरण्या हे आमच्या शेवटच्या कुत्रीचं शेवटचं पिल्लू. पुढे आमचे हे गेले, मळा वाटण्यांत गेला, आणि मुलगा मला घेऊन सोलापुरात ब्लॉकमध्ये राहायला गेला. तिसऱ्या मजल्यावर कारवानी ठेवायचा म्हणजे माळ्यावर घोडा बांधायचा. तेव्हा माझी धाकटी बहीण मालू म्हणाली, "अक्का, तुला जागा होईपर्यंत माझ्याकडे ठेव. माझं मोठं आवार आहे."

त्याला दोन वर्षं झाली. यंदा मुलानं सांगोल्याला गावाबाहेर घर बांधलं. मागं परस, परसाला कुंपण. मी बाजारातून नवा चामडी पट्टा आणला, ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला आणि गाडीत बसले. येते म्हणून मालूला कळवलं होतं. पट्ट्याचं कळवलं नव्हतं.

तारनाका

मालू मला न्यायला सिकंदराबाद स्टेशनावर आली होती. हमालाशी उर्दूत भांडली, आटोवाल्याशी तेलुगूत घासाघीस केली आणि माझ्याशी श्वास न घेता मराठीत बोलत राहिली. मला एकच भाषा येते, आणि तीही सांगोल्याची. हे पहिलं जळणं. पुढची मोजत बसू नका, बरीच आहेत.

तारनाक्याला तिचं घर पाहून मला फार आनंद झाला, असं बहिणीनं लिहायला हवं. लिहिलं. आता खरं सांगते. मालूचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलाय, आणि घरात जिकडे बघावं तिकडे तो मुलगा दिसतो. कपडे धुवायचं मशीन, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. टीव्ही, त्याला गच्चीवरून आलेली केबलची तार, बटण दाबलं की गोरी माणसं बातम्या सांगतात. घरात फोन. आम्ही मेलं अजून बूथवर जाऊन रांगेत उभं राहतो. "अक्का, हे सगळं आता इथेच मिळतं, बाहेरून मागवायला लागत नाही," मालू सांगत होती. मी "छान छान" म्हणत होते आणि जिन्याआड कुठे हरण्या दिसतो का ते बघत होते.

ओट्यावर वेताच्या खुर्चीत दिनकरराव बसले होते. हे मालूचे यजमान. रेल्वेत जन्म काढला. उंच, ताठ, गणवेषात असे दिसायचे की आमची आई म्हणायची, मालूनं नशीब काढलं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा पाय ओढतो, बोलणं जरा जड झालंय. "या अक्का, या," म्हणाले, आणि उठायला लागले. मी घाईनं म्हटलं, "बसा हो, बसा." ते त्यांना आवडलं नाही. उठलेच.

तेवढ्यात आवाराच्या मागून तो आला. हरणाच्या रंगाचा, छातीवर पांढरा ठिपका. माझ्या तोंडून हाक गेली, "हरण्या!"

थांबला. मान उंच केली. मग हळूहळू आला, माझा हात हुंगला, पदर हुंगला, आणि अंगाचा सगळा भार माझ्या गुडघ्यावर टाकून उभा राहिला. लहान असताना उभा राहायचा अगदी तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकी तेव्हा स्वयंपाकघरातून मालू ओरडली, "सुलतान! खाना!"

गेला की हो! माझ्या गुडघ्यावरचा भार काढून घेतला आणि गेला.

"हा सुलतान कोण?" मी विचारलं. मालूनं उत्तर द्यायच्या आतच फाटकातून शेजारच्या रेड्डीबाई आल्या. कडेवर पांढरंशुभ्र केसाळ पॉमेरियन, तान्ह्या बाळासारखं. मला बघून हसल्या. "अम्मा, आप सलूकी देखने को आए क्या? सब आते. पूरे तारनाके में एकीच सलूकी है."

मालूनं माझं मनगट धरलं आणि मला तडक आत नेलं.

"अक्का, रागावू नकोस. जरा सबर कर, ऐकून घे." ती भराभर बोलायला लागली. "इथे काय आहे, सगळ्यांकडे बाहेरची कुत्री. याच्याकडे अल्सेशियन, त्याच्याकडे डॉबरमन. आपल्या हरण्याच्या बरगड्या दिसायच्या तर सगळे हसायचे. 'अम्मा, इसकू खाने को नहीं देते क्या?' म्हणायचे. मला इतकी लाज वाटायची! मग आपला पोरगा सुट्टीला आला, त्यानं यांच्या कुत्र्यांच्या पुस्तकातलं चित्र बघितलं आणि म्हणाला, हा तर सलूकीसारखा दिसतो. अरबांचं कुत्रं असतं ते, राजेलोकांचं. मी एकदा बोलून गेले रेड्डीबाईंपुढे. मग ते पक्कंच झालं."

"अगं पण सलूकी नाहीये तो!"

"हौ, मला माहीत आहे. पण आता कॉलनीत मला सलूकीवाली अम्मा म्हणतात."

म्हणजे बघा, माझ्याच घरचं कुत्रं, माझ्या हातचं वाढलेलं, आणि त्याच्यावर मान कोण मिरवतं? शिवाय माझ्या घराचं नावही पुसून टाकलं. मी अरब तर नव्हते ना!

दुसरा दिवस, रविवार

हैदराबादला सकाळी नाश्त्याला खिचडी खातात. आपल्याकडे रात्री, नाहीतर आजाऱ्याला. तिथे मात्र सकाळी गरमागरम खिचडी, वर चिंच-तिळाचं आंबट पातळ खट्टा, तळलेला पापड, आणि पोटभर खाऊन मग माणसं हपिसात जातात. जेवणात गोंगुऱ्याची चटणी. बोटं चाटत खाल्ली आणि मग विचारलं तर ती आपली अंबाडी! आपल्याकडे अंबाडी म्हणजे घरात दुसरं काही नसलं की करायची भाजी. तिथे तिला पाहुण्यांपुढे ठेवतात.

नाश्ता झाल्यावर मालू बाटली घेऊन ओट्यावर बसली, हरण्याला जवळ घेतलं आणि त्याच्या कानांना तेल चोळायला लागली. बदामाचं तेल. मी पहिल्यांदा समजले, कान दुखत असेल.

"हे काय चाललंय?"

मालू हळूच म्हणाली, "पुस्तकातल्या सलूकीच्या कानांवर लांब रेशमी केस आहेत. शेपटीलाही. याचे येतच नाहीत गं. दर रविवारी लावते."

अहो, मी हसले! इतकी हसले की दिनकरराव आतून विचारायला लागले, काय झालं. मालूचं तोंड एवढंसं झालं. मग मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, हात दे इकडे. तिचा तेलकट हात धरून मी तो हरण्याच्या डोक्यावरून फिरवला.

"हे बघ. कपाळ आणि नाक यांच्यामध्ये खळगा लागतो का? नाही लागत. सरळ उतार, निमुळता. कान पातळ, गालाला चिकटून. यांवर केस येत नाहीत, तू तेलाचा घाणा आणलास तरी. आमच्याकडे केसाळ असतो त्याला पश्मी म्हणतात. गुळगुळीत तो कारवानी. आता मान बघ, लांब. छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली. पोट वर ओढलेलं. आणि ही कमरेची दोन हाडं. यांच्यामध्ये चार बोटं आडवी बसली पाहिजेत." मी बोटं ठेवली, आणि माझंच तोंड उतरलं. हाडं सापडायला मला दाबावं लागलं. "मालू, काय चारतेस याला?"

"दहीभात, तूप घालून. संध्याकाळी यांच्या चहाबरोबर दोन उस्मानिया बिस्किटं."

"कारवान्याला बिस्किटं!" आमच्याकडे भाकरी, ताक आणि नशिबात असेल तर ससा. पण तिनं खायला घातलं नाही म्हणून मी चिडले असते, आणि घातलं म्हणून चिडले. अंगावर काय तकाकी होती त्याच्या! आमच्याकडे असताना कधी नव्हती, हे मी मनातल्या मनात बघितलं आणि गिळलं.

मग म्हटलं, आता लपवून काय करायचं. "मालू, मी त्याला न्यायला आलेय. जागा झालीय आता."

तिचा हात कानावरच थांबला. मग बाटलीला बूच लावत म्हणाली, "शनिवारपर्यंत थांब. शनिवारी खानसाहेब येणारेत."

खानसाहेब म्हणजे जुन्या शहरातले एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्याकडे खरी सलूकी कुत्री होती, परी नावाची. तारनाक्याला सलूकी नर आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. पसंत पडला तर जोडी लावायची, आणि एक पिल्लू मालूला. कॉलनीभर सांगून झालं होतं. रेड्डीबाई तर शनिवारी बघायलाच येणार होत्या.

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"कशाला ओळखतील? काही सलूकींच्या कानांवर केस नसतात, असंही पुस्तकात आहे." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू काही बोलू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला बोलू?" म्हटलं. मला बोलायची गरजच नव्हती. ज्याला कळतं त्याला कुत्रं स्वतःच सांगणार होतं. मी फक्त समोर बसून मालूचा चेहरा बघणार होते. वाट कसली, मी डोळे लावून बसले होते शनिवारकडे.

कोठी

मधल्या दिवसांत मालूनं मला कोठीला नेलं. काय ती गर्दी, काय ती दुकानं! बांगड्या तिथल्याच. फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि तिथेच दिनकररावांनी कधीतरी ते कुत्र्यांचं पुस्तक घेतलं होतं. त्याच ढिगात तसलंच आणखी एक मला दिसलं. उकिडवी बसून मी सगळं चाळलं. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रांना कुठे इंग्रजी लागतं? कुणाचं चपटं नाक, कुणाचे आखूड पाय, कुणी मेंढीसारखं. एकेका जातीला पानभर फोटो. एक तर असं की त्याचं पुढचं-मागचं काही कळेना. त्यालासुद्धा पान! आमचा कारवानी मात्र कुठेच नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा बघितलं. पुस्तकवाला म्हणाला, "अम्मा, लेना है तो लेओ, नहीं तो रख देओ."

ठेवलं. आणि तेव्हा मालूचं मला जरासं कळलं. फार नाही, जरासंच. पुस्तकात पान नसलेल्या कुत्र्याला घेऊन कॉलनीत फिरायचं म्हणजे तसं अवघडच.

विद्यापीठाचं आवार

पण जरासं कळून काय होतं? दुसऱ्याच दिवशी पहाट सरताच मालू आंघोळीला गेल्याचं बघून मी ट्रंकेतला पट्टा काढला, हरण्याला घातला आणि निघाले. तारनाक्याहून विद्यापीठाचं आवार जवळच. मोठाले खडक, बाभळी, मोकळं माळरान. शहराच्या मध्यात एवढी मोकळी जमीन मी पाहिली नव्हती. मला एकच बघायचं होतं. बिस्किटं खाऊन खाऊन हा पळणं विसरला का?

पट्टा सोडला. तो माझ्याकडे बघत राहिला. सोडल्याचं त्याला खरं वाटेना. मी आमच्या मळ्यावरची हाळी घातली, "हुर्र हरण्याऽऽ!"

मग पळाला. काय सांगू तुम्हाला! कारवानी पळतो तेव्हा त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते, वाकते आणि सुटते, आणि मध्येच एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीवर नसतात. तो क्षण ज्यानं पाहिला त्याला दुसरं कुठलं कुत्रं कुत्रं वाटत नाही. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. सकाळी व्यायाम करणारी दोन-चार पोरं थांबून बघायला लागली. मला वाटलं, मालूनं हे कधी पाहिलंय का? नसेलच पाहिलं. हे माझं आहे.

मग हाक मारली. तो वळला, माझ्याकडे धावत निघाला. मीही पुढे धावले, तशी चपलेचा अंगठा तुटला आणि मी खडकावर बसकण मारली. तो अर्ध्या वाटेत होता. तिथेच थांबला. मान फिरवली. आणि मला तिथेच सोडून फाटकाकडे निघून गेला.

फाटकात दिनकरराव उभे होते. काठी टेकत आलेले, घामानं भिजलेले. कुत्रं घरात नाही म्हणून त्याच्यामागे एकटेच आले होते.

एका हातात चप्पल घेऊन मी तिथवर गेले. हरण्या त्यांच्या उजव्या अंगाला, ओढणाऱ्या पायाच्या बाजूला उभा होता. दिनकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं चालायला लागले. एक पाऊल. थांबायचं. दुसरं पाऊल. थांबायचं. मगाशी जमिनीला न शिवणारा तो जीव, एकेक पाय मोजून टाकत होता. कुणी शिकवलं याला असं चालायला? आमच्या घराण्यात कुठलंच कुत्रं असं चाललेलं नाही.

"अक्का," दिनकरराव चालता चालता म्हणाले. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, म्हणून मी गप्प राहिले. "आजारपणानंतर मी कित्येक महिने फाटकाबाहेर पडलो नाही. डॉक्टर म्हणायचे, चाला. मालती रडायची, चाला. पण रस्त्यावर जो तो माझ्या पायाकडे बघायचा. ज्या रस्त्यावरून मी ड्युटीवर जायचो त्याच रस्त्यावर."

"हं."

"याला घेऊन निघालो की सगळे याच्याकडे बघतात. 'सलूकी आया, सलूकी आया.' माझा पाय कुणाला दिसत नाही."

एवढं बोलून ते पुन्हा पावलं टाकायला लागले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग आला. हे मला मालूनं आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी पट्टा आणलाच नसता, असंही नाही. पण निदान हरण्याबरोबर मी आणखी काय घेऊन जाणार आहे ते तरी मला कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर मनात हेही आलं, की आमचे हे शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा हरण्या दारात बसून असायचा. त्यांच्यासाठी नाही हा असा चालला. त्यांना चालायलाच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी. पण जळणाऱ्याला असले हिशेब सुचत नाहीत.

घरी आल्यावर मालूनं माझ्या हातातला नवा पट्टा बघितला. माझी तुटकी चप्पल घेतली आणि कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून आणली.

शनिवार

खानसाहेब आले ते जुन्या काळ्या मोटारीतून. पांढरी शेरवानी, कोपरावर रफू केलेली, पण बटणं चकचकीत. परी मागच्या सीटवर. ती उतरली आणि मी बघतच राहिले. पुस्तकातलं चित्र चालत आलं म्हणा ना! कानांवर रेशमाच्या बटा, शेपटीखाली झालर, चाल अशी की जमिनीवर आपण उपकार करतोय. मला तिचाही हेवा वाटला. एका कुत्रीचा! तुम्हीच ठरवा मी कुठवर गेले होते ते.

रेड्डीबाई पॉमेरियन घेऊन हजर. मालूनं नवी रेशमी साडी नेसलेली. चहा, समोसे. दिनकरराव खुर्चीत, सुलतान त्यांच्या पायाशी. मी कोपऱ्यात, पण चेहरा दिसेल अशा कोपऱ्यात.

खानसाहेबांनी चहा घेतला नाही. "पहले नवाबसाहेब को देखेंगे," म्हणाले आणि गुडघ्यावर बसले. आधी डोक्यावरून हात. मग कान दोन बोटांत धरून उलटा केला, सुलटा केला. मान, छाती. मग त्यांनी डावा हात कमरेवर नेला आणि चार बोटं आडवी ठेवली.

चार बोटं! तेच माप, तीच जागा. माझे सासरे कधी सांगोल्याच्या पलीकडे गेले नाहीत, आणि हा म्हातारा इकडचा. यांना कुणी सांगितलं? मला वाटलं होतं, हे फक्त आमचंच आहे.

खानसाहेबांनी त्याला चार पावलं चालवलं. बघितलं. मग उठले, हातरुमालानं हात पुसले आणि मालूकडे बघून फार हळू आवाजात म्हणाले, "बेगम, बुरा नक्को मानो. ये सलूकी नहीं है."

मालूचा चेहरा मी बघणार होते ना? नाही बघवला. मी खाली फरशीकडे बघत होते. आणि ऐकू आलं ते दिनकररावांचं, काठी शोधत हात चाचपडणं. त्यांना तिथून आत जायचं होतं. पण उठायचं म्हणजे सगळ्यांसमोर पाय ओढत जायचं.

"सलूकी नहीं?" रेड्डीबाई म्हणाल्या. "तो फिर क्या, गाँव का कुत्ता है क्या?"

आता मला राहवेना. "अहो रेड्डीबाई, गाँव का कुत्ता बोलताय ते कुणाला?" माझी हिंदी मेली अर्ध्यातच संपली. "ये कारवानी है! असली!"

"हौ," खानसाहेब माझ्याकडे वळले. "कारवानी. अम्मा, आपकू मालूम है?"

"मालूम म्हणजे? मेरे घर में जनम हुआ इसका!"

हे मी बोलायला नको होतं. बोलू नकोस म्हणून मालूनं बजावलं होतं. सगळे मालूकडे बघायला लागले. मालू पदराचं टोक पिळत होती. मग तिनं मान वर केली. "हौ खानसाहेब. मेरी अक्का के घर का है. मैंच झूट बोली. इसकू लोगाँ हँसते थे, मेरेकु अच्छा नहीं लगा."

खानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हँसने दो. हमारे वालिद के पास भी था एक, शिकार पे ले जाते थे. अरब-ईरान तरफ से कारवाँ आए, उनके साथ ये आए, इस वास्ते कारवानी बोलते. समझो हमारी परी के चचाज़ाद भाई हैं. मगर जोड़ी नहीं लगाएँगे. न हमारी नस्ल बिगाड़ेंगे, न आपकी." मग दिनकररावांच्या खुर्चीपुढे जरा वाकले. "साहब, ऐसा जानवर आजकल देखने कू नहीं मिलता. कोट तो देखो, आइना है! किसने पाला?"

"मैंने," मालू म्हणाली.

झालं! जन्म माझ्या घरचा, हाडं माझ्या घरची, ओळखलं मी, आणि शाबासकी कोट, म्हणजे अंगावरची लव, चमकवली म्हणून मालूला. वर रेड्डीबाई पॉमेरियन खाली ठेवून विचारतात कशा, "अम्मा, ये कारवानी का बच्चा किधर मिलता?" मी इतकी पेटले होते, की समोसा खाल्ला तोही चव न लागता.

पण एक बघितलं. दिनकररावांनी काठी परत खुर्चीला टेकवून ठेवली होती.

परतीची वाट

रविवारी सकाळी मालूनं स्वतःच माझ्या ट्रंकेवरचा पट्टा उचलला, हरण्याच्या गळ्यात घातला आणि टोक माझ्या हातात दिलं. "घेऊन जा अक्का. तुझाच आहे. मी काही बोलणार नाही." आणि ओट्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. काही बोलणार नाही म्हणायचं आणि असं रडायचं! लहानपणापासून हेच करत आलीय. मी पट्टा हातात धरून उभी. आतून दिनकररावांचा आवाज नाही, रेडिओचा नाही, कशाचा नाही.

मी खूप विचार केला असं वाटेल तुम्हाला. नाही केला. मी तिला म्हटलं, "रडतेस काय? हिवाळ्यात त्याला घेऊन सांगोल्याला यायचं. जतच्या बाजूला एका धनगराकडे चांगली कुत्री आहे, मी बघून ठेवलीय. पिल्लं झाली की आधी मी निवडणार. मी निवडल्यावर मग तू. आणि तूप बंद."

"बिस्किटं?" ती नाक पुसत म्हणाली.

"एक."

"दोन. यांना एकट्यानं खायला आवडत नाही."

पट्टा मी तिथेच ठेवला. चांगला जाडजूड होता, तिच्याकडचा अगदीच दोरीसारखा होता. चांगलं जनावर आणि दोरी? बघवत नाही मला.

निघायच्या दिवशी दिनकरराव म्हणाले, मी स्टेशनावर येणार. आजारपणानंतर ते त्या स्टेशनात पाय टाकणार होते ते पहिल्यांदाच. मालू घाबरली, मी घाबरले, ते मात्र इस्त्रीचा सदरा घालून तयार. गाडी पहिल्याच प्लॅटफॉर्मवर होती, ते बरं झालं. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल, आणि उजव्या अंगाला हरण्या, नव्या पट्ट्यात. हमाल बाजूला होत होते. चहावाला किटली घेऊन थांबला. तिकीट तपासनीस होता एक, जुना ओळखीचा असावा, लांबून "साब! साब!" करत आला, दिनकररावांचा हात धरला, आणि मग खाली बघून म्हणाला, "ये कौनसी जात है साब?"

मी खिडकीशी बसले होते. हरण्याच्या डोक्यावरून हात फिरवून घेतला होता. त्यानं माझा हात चाटला, आणि पुन्हा जाऊन त्या पायाशी उभा राहिला. असो. आता त्यावर जास्त लिहीत नाही.

दिनकररावांनी तोंड उघडायच्या आत मालू पुढे सरसावली. "कारवानी है," म्हणाली. काय तो तोरा! सलूकी म्हणतानासुद्धा एवढा नसेल. "असली. इधर पूरे हैदराबाद में नहीं मिलता. अरब-ईरान से कारवाँ के साथ आए हुए. देखो, माथा कैसा सीधा. कान पतले, एक बाल नहीं. मान लंबी, छाती खोल..." माणसं जमायला लागली. तपासनीस वाकून बघत होता. चहावालाही. मी दिलेलं सगळं ज्ञान, शब्दन्‌शब्द, जसं काही तिच्या पोटातून आलं होतं. अक्काचं नाव? कुठे आहे अक्काचं नाव! मी दातओठ खात ऐकत होते. पोट झालं, कंबर झाली, चार बोटं ठेवून दाखवून झाली, आणि "ऐसा है जी," म्हणून ती थांबली.

गाडीनं धक्का दिला. मला काही राहवलं नाही. गजांतून जेवढं बाहेर होता येईल तेवढी झाले आणि ओरडले, "मालू! शेपूट! शेपटीचं राहिलं! लांब, बारीक, चाबकासारखी, टोकाला वळलेली! सांग त्यांना!"

"हौ अक्का, हौ!" मालू गाडीबरोबर दोन पावलं धावत म्हणाली, आणि लगेच मागे वळून तिनं शेपटीचं सांगायला सुरुवात केली.